हातचा एक कुठं गेला?

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. मी काहीतरी सांगणार, तुम्ही ‘खरं का?’ म्हणणार, आणि गोष्ट राहील बाजूला. तेव्हा मुकाट्यानं ऐका. पोरांनीही ऐका आणि पोरांच्या आईबापांनीही ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाबाहेर धर्मशाळा होती आणि तिच्या पडवीत गावची शाळा भरायची. तेव्हा फळा नव्हता, वही नव्हती. प्रत्येक पोराच्या पुढ्यात एक लाकडी पाटी, आणि पाटीवर विटेची बारीक धूळ पसरलेली. बोटानं लिहायचं, तळहातानं सारखं करायचं. तिला म्हणायचे धूळपाटी. एखादं पोर शिंकलं, की त्याचा तर धडा जायचाच, शेजारच्याचाही जायचा.

या शाळेचे पंतोजी पंचक्रोशीत नावाजलेले होते. अंगानं शिडशिडीत, आवाज मात्र खणखणीत. पोरांवर त्यांचा जीव होता. थंडीच्या दिवसांत कुणाची बंडी उसवलेली दिसली, तर धडा थांबवून स्वतः सुईदोरा घेऊन बसायचे. छडी होती त्यांच्याकडं, नाही असं नाही. पण पडवीत शिरणाऱ्या शेळ्या हाकलण्यापलीकडं तिला फारसं काम नसे.

पंतोजींना एकच खोड होती. धडा संपला की ते विचारायचे, “कळलं का?” आणि तीस पोरं एका सुरात म्हणायची, “होऽऽ!”

तो ‘हो’ एवढा दणदणीत असायचा, की विहिरीवरच्या बाया घागर डोक्यावर घेता घेता म्हणायच्या, “झाला गं बाई धडा. चला, पोरं येतील आता भाकरीला.” पंतोजींना तो ‘हो’ फार गोड लागायचा. मिशीतल्या मिशीत हसून ते पुढच्या धड्याकडं वळायचे. आता खरं सांगा, असा ‘हो’ तुम्ही कधी म्हटलेला नाही? मी तर पुष्कळदा म्हटलाय. म्हणून तर आज गोष्टी सांगत बसलोय, नाहीतर राजाचा प्रधान झालो असतो.

तर एकदा काय झालं, सुगी संपली, शेतं मोकळी झाली आणि दरसालाप्रमाणे धनगर आपल्या मेंढ्या घेऊन गावात आले. मेंढ्या शेतात बसल्या की शेताला खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घ्यायचे. चार महिने मुक्काम करायचा, आणि चारा संपला की पुढच्या गावाला. त्या धनगरांत एक आठ-नऊ वर्षांची पोरगी होती. तिचं नाव गोजी.

एके दिवशी गोजी बापाचं बोट धरून पडवीपाशी आली. अंगावर छोटी घोंगडी, पाय धुळीनं माखलेले. बाप संकोचानं म्हणाला, “पंतोजी, ह्या पोरीला आकडं शिकायचं हायेत. ऐकंचना. म्हनून आणली.”

पंतोजींनी विचारलं, “आकडे कशाला हवेत गं तुला?”

गोजीनं सांगितलं ते असं. धनगर मेंढ्या मोजायचे खड्यांनी. एका मेंढीमागं एक खडा, सगळे खडे एका पिशवीत. संध्याकाळी एकेक मेंढी वाघुरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत आली की एकेक खडा बाहेर काढायचा. खडे संपले की मेंढ्या पुऱ्या झाल्या. पण गेल्या साली पिशवीची शिवण उसवली आणि वाटेत दोन खडे गळून पडले. त्याच दिवशी रानात दोन कोकरं मागं राहिली. संध्याकाळी खडे संपले, मेंढ्याही आत आल्या, आणि सगळे म्हणाले, “बराबर हाय.” तिसऱ्या दिवशी एका कोकराच्या गळ्यातली घंटी तेवढी सापडली. त्या कोकराला गोजीनं बोटावर दूध चाटवून वाढवलं होतं.

“खडं गळत्यात,” गोजी म्हणाली. “आकडं गळत न्हाईत म्हणं.”

पंतोजींनी उपरण्यानं नाक पुसलं. मग म्हणाले, “बस पोरी. ठकू, सरक जरा, जागा दे हिला.”

ठकू म्हणजे कुंभाराची लेक. गोलमटोल, बडबडी, आणि जेवणाच्या सुट्टीची वाट बघण्यात सगळ्या शाळेत पहिली. तिनं गोजीला जागा दिली, आणि दोघींचं मेतकूट जमलं.

गोजी हुशार निघाली. महिन्याभरात ती शंभरापर्यंत आकडे लिहायला लागली. एकं म्हणजे सुट्या मेंढ्या, दहं म्हणजे दहा-दहाचे कळप, असं तिनं आपल्यापुरतं बसवून घेतलं होतं. पंतोजी खूश होते. आणि मग आली बेरीज.

पंतोजींनी आपल्या मोठ्या पाटीवर अठ्ठावीस मांडले, खाली सतरा मांडले. सुरात सांगायला लागले, “आठ आणि सात पंधरा. पंधरातले पाच खाली, हातचा एक. दोन आणि एक तीन, हातचा एक चार. उत्तर पंचेचाळीस. कळलं का?”

“होऽऽ!” पोरं म्हणाली. आणि तो ‘हो’ विरल्यावर मागून एक बारीक आवाज आला, “न्हाई.”

पंतोजींना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चाळीस वर्षांत हा शब्द या पडवीत कुणी उच्चारला नव्हता.

“कोण ते? गोजी? काय नाही कळलं?”

गोजी उभी राहिली. “पंतोजी, पंधरा हुतं. पाच तुमी खाली मांडलं. मग ऱ्हायलं दहा. तुमी म्हणता हातात एकच हाय. मग बाकीचं नऊ कुटं गेलं?”

पोरं फिदीफिदी हसली. पंतोजी म्हणाले, “अगं, तो हातचा. हातचा एकच असतो.” त्यांनी गणित पुन्हा सांगितलं, या खेपेला जरा मोठ्यानं. आपल्याकडं ही एक समजूतच आहे, की मोठ्यानं सांगितलं की लवकर कळतं.

“कळलं का?”

“होऽऽ!”

“न्हाई,” गोजी म्हणाली. “नऊ कुटं गेलं?”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. शाळा अठ्ठावीस आणि सतरापाशी अडून बसली. पुढं जावं तर मागून ‘न्हाई’ ऐकू यायचं, आणि ते ऐकल्यावर पंतोजींना भाकरी गोड लागत नसे. शेवटी एक दिवस ते चिडलेच.

“हातचा विचारायचा नसतो, पोरी, धरायचा असतो. मला माझ्या गुरूंनी असंच शिकवलं, त्यांना त्यांच्या गुरूंनी. परवा अमावास्येची सुट्टी आहे. तोवर तुझा ‘हो’ आला तर ये. नाहीतर मेंढ्या राख जा. एका पोरीपायी मी तीस पोरांचं नुकसान करणार नाही.”

बोलून गेले खरे, पण बोलल्यावर त्यांचं त्यांनाच बरं वाटलं नाही. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि पंतोजींनी तो मागं कसा घ्यावा?

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ठकूनं गोजीला बाजूला घेतलं. “वेडी का खुळी गं तू? नुसतं ‘हो’ म्हण की. ‘हो’ म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. मी तर धडा सुरू व्हायच्या आधीपासून तयार असते.”

“पन तुला कळलंय का हातचा?”

“मला?” ठकू चिंचेचा चिगूर चावत म्हणाली, “मला भूक लागलेली कळते.”

गोजी हसली नाही. तिला शाळा आवडत होती. धुळीचा तो मऊ गारवा आवडत होता, पंतोजीही आवडत होते. आणि आकडे शिकल्याशिवाय पुढच्या मुक्कामाला निघायचं, म्हणजे पुन्हा खडे आणि पुन्हा तीच भीती. त्यापेक्षा एक ‘हो’ काय जड आहे? एवढासा तर शब्द. तिनं ठरवलं, उद्या म्हणायचा.

अमावास्येचा आदला दिवस उजाडला. पंतोजींनी गणित सांगितलं. आज ते सावकाश बोलत होते, मधूनमधून गोजीकडं बघत होते. हिचा ‘हो’ यावा असं त्यांना मनापासून वाटत होतं.

“कळलं का?”

“होऽऽ!”

गोजीनं तोंड उघडलं. ठकूनं तिला कोपरानं ढोसलं. गोजीचे ओठ हलले, आणि डोळ्यांतून टपकन पाणी पाटीवर पडलं.

“न्हाई, पंतोजी,” ती म्हणाली. “लई जोर लावला, पन ‘हो’ निघंना. मेंढरं मोजताना न बघता ‘हो’ म्हणायचं न्हाई, असं बा सांगतो. नऊ कुटं गेलं ते मला खरंच दिसत न्हाई.” आणि तिनं आपली घोंगडी उचलली.

पंतोजींच्या काळजात चर्र झालं. पण आपलं चुकलं असं अजून त्यांना वाटत नव्हतं. त्यांना वाटलं, जाण्यापूर्वी हिला निदान हे दिसू दे, की गोष्ट किती सोपी आहे. ते म्हणाले, “थांब जरा. बाळांनो, तुम्हा सगळ्यांना कळलंय ना? मग दाखवा हिला. हातचा कुठं असतो?”

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

पहिल्या रांगेतल्या एका पोरानं हळूच मूठ उघडली. मुठीत घामेजलेला एक चिंचोका होता. “हा बघा माझा. पंधरा दिवस सांभाळलाय.”

दुसरा म्हणाला, “माझा घरी राहिला, पंतोजी. उद्या आणतो.”

तिसरा म्हणाला, “मी माझा ह्याला दिला.” आणि ह्यानं ताडकन सांगितलं, “खोटं बोलतोय, मला कुणी काही दिलेलं नाही.”

एक छोटा तर रडायलाच लागला. “माझा हरवला. मारू नका. आईला सांगू नका.”

ठकूनं दोन्ही हात मागं लपवले होते. पंतोजींनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “मला वाटलं, हातचा म्हणजे तुमच्या हातचा. तुम्ही ठेवून घेता. गुरुदक्षिणा.”

हसू नका. तुम्हाला पहिल्यांदा ‘हातचा’ सांगितला, तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं ते आठवा, आणि मग हसा.

पंतोजी बघतच राहिले. तीस पोरं, तीस हातचे, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. मग रोज हा एवढा ‘हो’ म्हणत होतं तरी कोण? ते रागानं काही बोलणार, एवढ्यात गोजी म्हणाली, “पंतोजी, तुमची पन मूठ मिटलेलीच हाय.”

पंतोजींनी खाली पाहिलं. त्यांची डावी मूठ घट्ट मिटलेली होती. ‘हातचा एक’ म्हणताना ती आपोआप मिटायची. त्यांनी ती उघडली. आत काहीच नव्हतं.

तेव्हा पंतोजींना आठवलं, आपण सात वर्षांचे होतो. गुरूंनी असंच गणित सांगितलं होतं आणि विचारलं होतं, कळलं का. आपल्याला कळलं नव्हतं. सगळे ‘हो’ म्हणाले, म्हणून आपणही म्हणालो. उत्तर बरोबर येत गेलं, कुणी पुन्हा विचारलं नाही, आणि तोच ‘हो’ आपण आजवर या पोरांना वाटत आलो.

पंतोजी मटकन खाली बसले. तीस पोरांसमोर, पंतोजींना सगळं येतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासमोर, एक वाक्य बोलायचं होतं आणि ते फार अवघड होतं. बाळांनो, मोठ्या माणसांना यापेक्षा अवघड वाक्य दुसरं नसतं. पण पंतोजी खरे गुरू होते. त्यांनी ते म्हटलं.

“पोरी, ते नऊ कुठं जातात, हे मलाही ठाऊक नाही.”

कुणी हसलं नाही. गोजीनं घोंगडी खाली ठेवली, डोळे पुसले आणि म्हणाली, “मग चला की, शोधू.”

अख्खी शाळा उठून शेतात गेली. पुढं पंतोजी आणि गोजी, मागं तीस पोरं. गोजीचा बाप झाडाखाली लोकर कातत बसला होता. एवढी वरात बघून तो घाबरून उभा राहिला. “पोरीनं काय केलं?”

“काही नाही. आम्हाला तुमच्या मेंढ्या हव्यात,” पंतोजी म्हणाले. “आधी अठ्ठावीस, मग सतरा.”

बापाला काही उमगलं नाही, पण त्यानं मेंढ्या सोडल्या. गोजी वाघुरीच्या तोंडाशी उभी राहिली. एक मेंढी आत गेली की एक बोट उघडायची. दहा मेंढ्या झाल्या आणि तिची दहा बोटं संपली.

“पंतोजी, माझी बोटं संपली. ही दहा ध्यानात ठेवाया तुमी एक बोट धरा. मी पुन्यांदा मोजते.”

पंतोजींनी एक बोट उघडलं. आणखी दहा गेल्या, पंतोजींनी दुसरं बोट उघडलं. मग आठ गेल्या. पंतोजींची दोन बोटं, गोजीची आठ.

“अठ्ठावीस,” पोरं म्हणाली.

आता सतरांतला दहांचा कळप बापानं एकदम आत घातला. पंतोजींनी तिसरं बोट उघडलं. राहिल्या सुट्या सात. एक गेली, गोजीची नऊ बोटं झाली. दुसरी गेली, दहा झाली.

“माझी संपली,” गोजी म्हणाली. “पंतोजी, एक तुमी धरा.”

पंतोजींनी चौथं बोट उघडलं, आणि ते बोट तसंच धरून ते थांबले. बोटाकडं बघत राहिले. मेंढ्या आत जात होत्या, गोजीची पाच बोटं उघडी झाली होती, पोरं ‘पंचेचाळीस, पंचेचाळीस’ करत नाचत होती. पंतोजींना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

“गोजी,” ते हळूच म्हणाले, “मी आत्ता उघडलेलं बोट एकच आहे. पण मेंढ्या...”

“दहा हायेत,” गोजी म्हणाली. मग तिचेच डोळे मोठे झाले. “म्हंजी नऊ कुटंच गेलं न्हाईत. तुमच्या एका बोटात दहा हायेत. हातचा एक म्हंजी दहा मेंढरांचा एक कळप.”

“आणि म्हणून तो दहंच्या घरात जातो,” पंतोजी म्हणाले. साठीचा माणूस, पण पोरासारखं ते बोट नाचवत होता. “हातचा. हातावर धरलेला. अगं, हातचा!”

गोजीच्या बापाला एवढंच समजलं, की पंतोजी रडतायत आणि हसतायतही. तो म्हणाला, “पानी आणू का?”

मग सगळ्या पोरांनी बारी लावली. प्रत्येकाला एकदा बोटं मोजायची होती आणि एकदा हातचा धरायचा होता. मेंढ्या बिचाऱ्या आत-बाहेर करून दमल्या. ठकू मोजता मोजता जेवायचं विसरली, आणि तिच्या आईनं घरी आल्यावर तिला ताप तर नाही ना, म्हणून कपाळाला हात लावून बघितलं.

त्या दिवसापासून शाळेत तो दणदणीत ‘हो’ ऐकू येईनासा झाला. धडा संपला की पंतोजी विचारायचे, “बोला, काय नाही कळलं?” आणि पोरं एकामागून एक सांगत सुटायची. विहिरीवरच्या बायांना भाकरीची वेळ कळेना, त्यांनी तक्रार केली. पंतोजी म्हणाले, “माफ करा, आता उशीर होणारच. पोरं शिकायला लागलीत.”

मुक्कामाचे चार महिने भरले, चारा संपला आणि धनगर निघाले. गोजीला तोवर हजारापर्यंतची बेरीज येत होती, वजाबाकीही येत होती. पंतोजी तिला पोचवायला वेशीपर्यंत गेले. जाता जाता त्यांनी तिच्या बंडीची उसवलेली शिवण पाहिली, तिला तिथंच उभी केली, आणि कनवटीचा सुईदोरा काढून टाका घातला.

गोजी म्हणाली, “पंतोजी, फुडल्या गावात पन शाळा असंल. तिथं मला ‘न्हाई’ म्हणू देतील का?”

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हो, देतील की. पंतोजींनी दोऱ्याला गाठ मारली आणि दातानं दोरा तोडला.

“मला ठाऊक नाही, बाळ,” ते म्हणाले. “पण तू म्हण. आणि हाकललं, तर परत इकडं ये. तुझी जागा मी ठकूला व्यापू देणार नाही.”

गोजीनं वाकून नमस्कार केला, आणि तिनं वर बघायच्या आत पंतोजींनीही तिला हात जोडले.

म्हणून लक्षात ठेवा: ‘नाही कळलं’ म्हणायला जो लाजत नाही तोच शिकतो, आणि ते ऐकून जो रागावत नाही तोच शिकवतो.